घर सुरळीत चाललंय, पण कोणाच्या जिवावर?



'आमचं घर अगदी सुरळीत चालतं हो, कधी कुरकुर नाही,' असं आपण कौतुकाने सांगतो. चांगलीच गोष्ट आहे. पण सुरळीत चालतं म्हणजे न्यायाने चालतं, असं म्हणता येईल का? आज यावर थोडा विचार करू या.

समाजशास्त्रात 'प्रकार्यवाद' नावाचा एक विचार आहे. नाव अवघड, गोष्ट सोपी. समाज शरीरासारखा आहे. हृदय, फुप्फुसं, हात-पाय यांची कामं वेगळी, पण सगळ्यांची मिळून शरीर जगतं. तसंच कुटुंब, शाळा, बाजार, सण यांपैकी प्रत्येकाचं समाज टिकवण्यात काहीतरी काम असतं. फ्रान्सच्या एमिल दुर्खीम यांनी १८९३ मध्ये श्रमविभागणीवर ग्रंथ लिहिला. कामं वाटली गेली की माणसांना एकमेकांची गरज लागते आणि त्या गरजेतून समाज बांधला जातो, असं त्यांनी मांडलं.

अमेरिकेच्या रॉबर्ट मर्टन यांनी १९४९ मध्ये यात भर घातली. प्रत्येक प्रथेचं एक उघड काम असतं आणि एक न दिसणारं. आपल्या इंदूर-बडोद्याकडचा गणेशोत्सवच घ्या ना. उघड काम पूजेचं. पण त्याच मंडपात मुलं मराठी बोलतात, नवीन आलेल्या कुटुंबाच्या ओळखी होतात, लग्नंसुद्धा जुळतात! अशा नजरेने पाहिलं की जुन्या गोष्टींना उगाच नावं ठेवणं कमी होतं.

पण मर्टन यांनी आणखी एक विचारलं: उपयोगी, पण कोणाला? एकाच गोष्टीने एकाची सोय होते आणि दुसऱ्याचं नुकसान. 'व्यवस्था टिकून आहे ना, मग बरोबरच असणार,' ही पळवाट इथे बंद होते.

आपल्याकडे जातिव्यवस्थेचं समर्थनही 'ही तर कामाची वाटणी' असं म्हणूनच केलं गेलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्येच त्याला उत्तर दिलं: ही नुसती कामाची वाटणी नाही, काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे, तीही एकाच्या डोक्यावर दुसरा अशी. खुद्द दुर्खीम यांनीही बजावलं होतं, की सक्तीने लादलेल्या वाटणीतून खरी एकी होत नाही.

आता घरात बघू या. टॅल्कॉट पार्सन्स यांनी १९५५ च्या सुमारास अमेरिकी कुटुंबाबद्दल लिहिलं, की पुरुषाने कमवायचं, बाईने घर आणि मनं सांभाळायची, अशा वाटणीने कुटुंब स्थिर राहतं. राहत असेलही. पण जिचं शिक्षण किंवा नोकरी त्यापायी सुटली, तिचा हिशोब कुठे मांडायचा? सगळ्यांत आधी उठणारी आणि सगळ्यांच्या शेवटी जेवणारी सून कुरकुर करत नाही, म्हणून घर शांत आहे, असं तर नाही ना?

आणि अंथरुणाला खिळलेले आजी-आजोबा म्हणतात, 'आता आमचा काय उपयोग?' आपण प्रेमाने सांगतो, 'असं कसं, तुमच्यामुळे घराला आधार आहे.' भावना चांगली आहे, पण माप पुन्हा उपयोगाचंच झालं. उद्या तेवढाही आधार देता आला नाही, तर मोल संपलं का? नाही. उपयोग कामाचा मोजायचा, माणसाचा नाही.

शरीराचीच उपमा घ्यायची तर पूर्ण घेऊ या. पायाच्या बोटाला ठेच लागली की पाणी डोळ्यांत येतं, हात खाली धावतो. करंगळी किती उपयोगाची, हे तेव्हा कोणी विचारत नाही.

या आठवड्यात एकदा सगळे मिळून जेवायला बसा. घरातल्या सगळ्यांत कमी बोलणाऱ्या माणसाला विचारा, 'आपलं घर असं चालतं, त्यात तुला कुठे त्रास होतो?' उत्तर पूर्ण होईपर्यंत कोणी मधे बोलू नका. आणि त्यातलं एक तरी काम दुसऱ्या दिवसापासून वाटून घ्या.