पाळीबदलाची वेळ

सकाळी यंत्रमाग कारखान्यांतली पाळी बदलते तेव्हा इचलकरंजीच्या गल्ल्यांत दोन तऱ्हेची माणसं समोरासमोर येतात. अंघोळ करून, भांग पाडून, डबा घेऊन निघालेली; आणि केसांत, भुवयांवर कापसाचे तंतू घेऊन घरी परतणारी. एकाचा दिवस सुरू होतो, दुसऱ्याची रात्र. पाळी फिरली की दोघांच्या जागा बदलतात.

पहाटे पाचला उठा, व्यायाम करा, दिवसभराच्या कामाची आखणी करा, हा उपदेश आता सगळीकडून कानावर येतो. त्यात चुकीचं काही नाही. मीही पहाटे उठतो आणि लिहिण्याचं काम सकाळीच उरकतो. पण त्यासाठी आदली रात्र आपल्या हातात असावी लागते. ज्यांच्या घामावर हे गाव उभं राहिलं, त्या माग-कामगारांच्या हातात ती नसते.

कारखान्यात आलेला चांगला कामगार लगेच कामाला लागत नाही, हे मी अनेकदा पाहिलं आहे. खडखडाटात तो आधी जाणाऱ्याच्या कानाशी तोंड नेतो. कुठल्या मागाची तार सारखी तुटतेय, कुठलं बीम संपत आलंय, विचारून घेतो. मग चालू कापडावरून तळहात फिरवतो, धोट्याचं टोक अंगठ्यानं चाचपतो, फणीपाशी साठलेला कापूस काढतो. पाच-दहा मिनिटांचं हे काम. ते नीट झालं तर पुढची पाळी सुरळीत जाते. सकाळच्या शिस्तीचा याहून नेमका धडा मला कुठल्या पुस्तकात सापडलेला नाही. मात्र ही नजर आणि हा अंगठा झोप झालेल्या माणसाचाच असावा लागतो. बारा तास उभं राहून, पत्र्याखालच्या खोलीत दिवसा चार-पाच तास कसाबसा पडलेला माणूस तुटलेली तार उशिरा बघतो. मग कापडात फॉल्ट निघतो आणि नुकसान मालकाचंही होतं.

झोपेचं हे गणित आता शास्त्रानंही मांडलं आहे. शरीरातलं घड्याळ पेशींच्या पातळीवर कसं चालतं, हे शोधणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना 2017 चं नोबेल मिळालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2007 मध्ये रात्रपाळीचा समावेश संभाव्य कर्करोगकारक गोष्टींत केला आणि 2019 मध्ये तो निष्कर्ष कायम ठेवला. दिवस-रात्र सारखी उलटीपालटी होत राहिली, तर शरीराला कुठलीच सकाळ आपली वाटत नाही.

कामाच्या तासांचा प्रश्नही नवा नाही. इचलकरंजी संस्थानच्या नारायणराव घोरपडे सरकारांच्या काळात, 1904 मध्ये, विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग आणला. त्यानंतर सातच वर्षांनी, 1911 च्या कायद्यानं कापड गिरण्यांतल्या पुरुष कामगारांसाठी दिवसाला बारा तासांची मर्यादा घातली. 1948 च्या कायद्यानं ती दिवसाला नऊ आणि आठवड्याला 48 तास ठेवली. या दोन्ही कायद्यांच्या आधी नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली, ती 1890 मध्ये. आमच्याकडची बारा तासांची पाळी अजून 1911 मध्येच अडकली आहे. त्यात 2025 मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळानं रोजची मर्यादा नऊवरून बारा तासांवर नेण्याला मंजुरी दिली. हे पाऊल मला उलट दिशेचं वाटतं.

कामगाराच्या घरातल्या बाईची सकाळ तर आणखी वेगळी. नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येणार त्या दिवशी तिचं सगळं वेळापत्रक नळाभोवती फिरतं. पाणी भरायचं, डबा करायचा, मुलांना शाळेत धाडायचं आणि मग स्वतः सुताच्या कांड्या भरायला जायचं. तिला कुणी लवकर उठण्याचे फायदे सांगायला नकोत.

मालकांची अडचण मला माहीत आहे. खर्चीवर, म्हणजे मजुरीवर, कापड विणून देणाऱ्या मागमालकाला सूत व्यापारी देतो, मजुरीचा दरही तिथंच ठरतो. कामगाराला मीटरवर पैसे, त्यामुळे बारा तास तोही सोडायला तयार नसतो. बारा तासांची कमाई आठ तासांत हवी असेल, तर मीटरमागचा दर दीडपट लागतो. हा बोजा एकट्या छोट्या कारखानदारावर टाकणं अन्यायाचं होईल. व्यापाऱ्यानं वाटा उचलायला हवा आणि सरकारनं वीज सवलतीसारख्या मदतीला पाळीची अट जोडायला हवी.

तोवर दोन गोष्टी याच महिन्यात करता येतील. एक, पाळी सारखी फिरवू नये. रात्रपाळी कुणाला हवी ते विचारावं आणि त्या पाळीला जादा दर द्यावा. दुसरी महापालिकेसाठी: कुठल्या भागात कुठल्या दिवशी, किती वाजता पाणी येणार, ते आदल्या संध्याकाळी सांगावं आणि ती वेळ पाळावी. गावातल्या मागमालकांना माझी विनंती आहे, आपल्यापैकी चार-पाच जणांनी एकत्र येऊन सहा महिने आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या चालवून बघाव्यात आणि कापडाचे मीटर, फॉल्ट, खाडे यांचा हिशेब गावासमोर मांडावा.