बारा महिने पाहिलेली जमीन

मु. दारव्हा, जि. यवतमाळ

चि. पोरी,



पुण्याच्या बालेवाडीतल्या निकमारमध्ये तुला प्रवेश मिळाला आणि तू रिअल इस्टेटचा विषय घेतलास, हे तुझ्या बाबानं फोनवर सांगितलं तेव्हापासून आजी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ते ऐकवते आहे, आणि मीही तिला थांबवत नाही. परवा ओट्यावर एकानं विचारलं, "प्लॉट विकायला शिकावं काय लागते?" मनात खोट ठेवून विचारलं नव्हतं त्यानं. आपल्या भागात हा व्यवहार लोकांनी तेवढाच पाहिला आहे: वावर घ्यायचं, मुरूम टाकून रस्ते आखायचे, चुना मारून प्लॉट पाडायचे आणि इसार घ्यायचा. मी त्याला म्हटलं, जमिनीवर माणसं कशी वसवावी याची ती विद्या आहे, आणि कॉलेजात तिची फक्त सुरुवात होते.

माझी उमर भूकरमापकाच्या नोकरीत गेली. साखळी आणि फलकयंत्र घेऊन आम्ही लोकांचे धुरे मोजत हिंडलो. आता उपग्रहावरून जागा सांगणारी यंत्रं आली आणि आमचं दिवसभराचं काम तासाभरात होऊ लागलं, हे पाहून मला फार बरं वाटतं. पण मोजणी लवकर झाली म्हणून जमीन लवकर कळत नाही गं. तुझ्या मनाची मला काळजी नाही. लहानपणी शेंगांची वाटणी करताना धाकट्याच्या ओंजळीत जास्त टाकणारी तू, कुणाला फसवणं तुला जमायचंच नाही. काळजी वाटते ती घाईची. वाईट माणसांनी जेवढी घरं अडचणीत आणली, त्याहून अधिक घाईत असलेल्या चांगल्या माणसांनी आणलेली मी पाहिली आहेत, म्हणून हे पत्र जरा लांबणार आहे. जेवण झाल्यावर निवांत वाच.

पहिली गोष्ट, पहाटे उठत जा. (आबाजी हेच सांगणार हे तुला ठाऊकच होतं.) उन्हाळ्यात आम्ही तांबडं फुटायच्या सुमारास वावरात पोचायचो, कारण ऊन चढलं की तापलेल्या जमिनीवरची हवा लहरू लागते आणि दूरची काठी डोळ्यांपुढे नाचते. पण पहाटेचा आणखी एक लाभ असे: ती जमीन खरोखर कोण वापरतं ते त्या वेळी दिसे. गुरं कुठल्या वाटेनं जातात, बाया पाण्याला कुठून उतरतात, पांधण नकाशात कुठून आहे आणि पायाखाली कुठून आहे, हे भर दुपारी गाडीतून उतरणाऱ्याला दिसत नाही. तुझ्या अभ्यासात पॅट्रिक गेडिस हे नाव येईल. स्कॉटलंडचा हा साठीला आलेला माणूस 1914 मध्ये हिंदुस्थानात आला आणि शहरामागून शहर पायी पाहत गेला. 1918 मध्ये त्यानं इंदूरचा मोठा अहवाल लिहिला आणि पुढच्याच वर्षी मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. जुन्या वस्त्या पाडून रुंद रस्ते काढायची घाई झालेल्या अधिकाऱ्यांना तो सांगे, की आधी पाहणी करा, राहणाऱ्यांना समजून घ्या, आणि काढावंच लागेल तेवढंच काढा. त्याचं लिखाण मिळालं तर परीक्षेपुरतं वाचून ठेवून देऊ नकोस.

दुसरी गोष्ट, एका भेटीत जमिनीचं मोल ठरवू नकोस. आपल्या काळ्या मातीला ज्येष्ठात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, श्रावणात तीच फुगून वर येते, आणि पौषात मात्र अशी शांत दिसते की हिच्यावर काहीही बांधावं असं वाटतं. ती फुगते, आकसते आणि वरच्या भिंती चिरतात. जोत्याखालची काळी माती काढून मुरूम भरायची आपल्याकडची रीत त्यासाठीच पडली. रूरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं अशा मातीसाठी तळाशी फुगवटा असलेले पायाचे खांब विकसित केले. ओल बारमाही सारखी राहते त्या थरापर्यंत, साधारण साडेतीन मीटर, ते खाली नेतात. हा खर्च तुझ्या हिशेबाच्या पहिल्या पानावर असू दे. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो बिल्डरनं स्वखर्चानं दुरुस्त करावा, असं 2016 च्या रेरा कायद्यानं बांधून घातलं हे फार चांगलं झालं, पण त्या घरात राहणारं माणूस पाच वर्षांसाठी राहायला आलेलं नसतं.

आणि पाणी. यवतमाळ शहराला निळोणा आणि चापडोह या धरणांचं पाणी. 2018 च्या उन्हाळ्यात तिथे टंचाई पडली, तेव्हा तू आत्याकडे होतीस आणि टँकर येताच बादली घेऊन धावत होतीस, आठवतं ना? कुठलीही जागा दाखवली तर आधी विचार, वैशाखात इथे पाणी कुठून येतं, आणि आषाढात इथलं पाणी कुठे जातं. ले-आउट मोठा असला की नियमानं दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. ती नाल्याकाठची, कुणाच्या कामाची नसलेली पट्टी असू नये, एवढं माझ्यासाठी बघ. तिथे लेकरं खेळणार असतात.

तिसरी गोष्ट, कागद हळू वाच. डिजिटल सहीचा सातबारा आता घरबसल्या मिळतो, त्यामुळे तो चहा पिता पिता पाहून बाजूला सारायची सवय लागते. सातबाऱ्यावर आज कोण आहे ते कळतं. तो तिथे कसा आला हे फेरफारांत असतं, म्हणून निदान तीस वर्षांचे फेरफार क्रमानं लावून बस. आपला मुलूख तर किती राजवटी पाहून आला: वऱ्हाड 1853 मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आलं, पुढे मध्य प्रांताला जोडलं, मग मध्य प्रदेशात, 1956 मध्ये मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात. म्हणून विदर्भाचा कुळकायदा 1958 चा, वेगळा आहे. विनोबांच्या भूदानातल्या जमिनींना 1953 चा मध्य प्रदेशचा कायदा लागतो, आणि त्या जमिनी इतर जमिनींसारख्या विकता येत नाहीत. वर्गात हे धावतं झालं तरी तू थांबून वाच, कारण परत येऊन काम करायचं तर हेच लागणार आहे.

राळेगाव, केळापूर, घाटंजी, मारेगाव, झरी जामणीकडे कोलाम आणि गोंड बांधवांच्या जमिनी आहेत. जमीन महसूल संहितेचं कलम 36अ सांगतं, की शासनाच्या पूर्वमान्यतेनं जिल्हाधिकाऱ्यांनी परवानगी दिल्याशिवाय आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नाही. आणि आधी गेलेल्या जमिनी परत मिळाव्यात म्हणून 1974 चा कायदा झाला. पुष्कळ लोक याला अडथळा म्हणतील. तू तसं म्हणू नकोस, माय. ज्याच्याजवळ जमिनीशिवाय दुसरं काही नाही, त्याला विचार करायला सवड मिळावी म्हणून तो कायदा उभा आहे.

तशीच सवड लेकींना मिळत नाही. महाराष्ट्रानं 1994 मध्ये आणि साऱ्या देशानं 2005 मध्ये वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा दिला, तरी सणाला माहेरी आलेल्या बहिणीसमोर जेवणानंतर हक्कसोडपत्र येतं आणि गाडीची वेळ झाली म्हणून ती सही करून निघते. तुझ्यासमोर असा कागद येईल तेव्हा त्या बाईजवळ बस, तिला सगळं वाचून दाखव, हवं तर दुसऱ्या दिवशी सही कर म्हण. तिनं समजून सोडलं तर तिची मर्जी. न समजता सुटलेल्या हक्कावर तुझी इमारत उभी राहू नये.

मोठ्या कामांची बातमी आली की घाई साथीसारखी पसरते. कापूस नेण्यासाठी मूर्तिजापूर-यवतमाळ शकुंतला गाडी धावू लागली, आपल्या दारव्ह्याच्या मोतीबागेत जंक्शन झालं, त्याभोवती पेठ फुलली. आज ती गाडी बंद आहे. आता वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्ग होतो आहे, त्यातली वर्धा ते कळंब गाडी 2024 च्या फेब्रुवारीत सुरू झाली, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे, तुला घरी येणं सोपं होईल. पण रूळ येण्याआधी दलाल येतात. उद्या भाव फुटेल म्हणून कास्तकार आज विकतो, उद्या भाव चढेल म्हणून मास्तर आयुष्याची पुंजी देऊन आज घेतो, आणि दोघांनाही कुणी एक महिना थांबा म्हणत नाही. ते म्हणणारी तू हो. तुझा एखादा सौदा त्यामुळे जाईल, जाऊ दे.

पैशाचं सांगायचं तर वही ठेव आणि चहाचासुद्धा खर्च लिही. आपल्या दहा रुपयांचा हिशेब ज्याला देता येतो त्याच्याच हाती लोकांची पुंजी शोभते. सुगी झाली की आपण पेरणीचं बियाणं आधी बाजूला काढतो आणि घरात कितीही ओढ असली तरी त्या कणगीला हात लावत नाही. रेरानं बिल्डरला हेच शिकवलं. घर घेणाऱ्यांकडून आलेल्या पैशातले 70 टक्के वेगळ्या खात्यात, त्याच प्रकल्पाच्या जमिनीसाठी आणि बांधकामासाठी. जेवढं काम झालं तेवढेच काढायचे, तेही इंजिनिअर, आर्किटेक्ट आणि सनदी लेखापाल यांच्या दाखल्यानं. आणि नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायची नाही. एका प्रकल्पाचा पैसा दुसऱ्या जमिनीच्या इसारात घालायची घाई कितीतरी कुटुंबांना भोवली, म्हणून ही कलमं आली. तू ती कायदा म्हणून पाठ करशील, पण सवय म्हणून अंगी लाव.

धीराचं उदाहरण तुला तिथे जवळच सापडेल. हडपसरला मगरपट्टा आहे. पुणं अंगावर येत होतं, आजूबाजूच्या शेतजमिनी तुकड्यातुकड्यांनी विकल्या जात होत्या, तेव्हा सतीश मगर आणि त्यांच्या भाऊबंदांनी, सुमारे 120 शेतकरी कुटुंबांनी, आपली साधारण 400 एकर जमीन एकत्र केली, कंपनी काढली, जमिनीच्या प्रमाणात तिचे भागधारक झाले. मनं जुळवण्यात आणि परवानग्यांत वर्षं गेली. बांधकाम 2000 च्या सुमारास सुरू झालं. ज्यांनी घाईत विकलं त्यांच्या हाती रक्कम आली आणि संपली. हे लोक मात्र वसवलेल्या नगराचे मालक राहिले. एका रविवारी तिथे जा, रस्ते बघ, झाडं बघ, जमल्यास जुन्या शेतकरी घरातल्या कुणा वडीलधाऱ्याशी बोल. आपल्या भागातले चार धुरेकरी असे एकत्र बसतील, असं मला वाटतं. त्यांना बसवणारं, समजावणारं, हिशेब उघडा ठेवणारं कुणी शिकलेलं माणूस हवं. ते तू असावीस ही माझी इच्छा. तुझ्यावर ओझं म्हणून घालत नाही.

ज्यांच्या नावाच्या अमरावती विद्यापीठातून तू पदवी घेतलीस त्या गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी इथे धर्मशाळा बांधल्या. लोकांनी विश्वासानं पैसा दिला, बाबांनी त्यातली एक खोलीही स्वतःसाठी ठेवली नाही. तू नफा मिळव, घर चालव, त्यात काही वाईट नाही. पण लोकांच्या पैशाला हात लावताना ते नाव आठव.

आता एक काम सांगतो. कॉलेजच्या आसपास एखादी मोकळी जागा निवड आणि वर्षभर दर महिन्याला एकदा, पहाटे, तिथे जाऊन ये. पाणी कुठे तुंबलं, कोण वाटेनं गेलं, काय विकलं गेलं, काय टाकलं गेलं, ते त्याच वहीत लिही. भाव अजिबात लिहू नकोस. बारा महिने झाले की ती वही मला पाठव, मग आपण दोघं मिळून ठरवू की त्या जागेवर काय शोभेल आणि काय बांधायचं नाही.

जेवणाची आबाळ करू नकोस. आजीनं जवसाची चटणी बांधून ठेवली आहे, बाबाबरोबर पाठवतो.

तुझे
आबाजी