बिनसोन्याचे सैनिक

‘एज ऑफ एम्पायर्स २’ या १९९९ सालच्या संगणकीय खेळात एका भालेकऱ्याची किंमत आहे ३५ अन्न आणि २५ लाकूड. घोड्यावरच्या नाइटची ६० अन्न आणि ७५ सोनं. बेरीज केली तर एका नाइटच्या खर्चात दोन भालेकरी बसतात, आणि घोड्यांविरुद्ध भाल्याचा घाव जास्त खोल जातो. मग सैन्य कशाचं उभारावं? माझा भाचा आणि त्याचे मित्र यावर तासन्‌तास वाद घालतात. नाइट वेगवान आणि चिवट; भालेकरी स्वस्त, पण धनुर्धरांपुढे टिकत नाही. शिवाय नकाशावरच्या सोन्याच्या खाणी कधीतरी संपतात. लांबलेल्या लढाईत मग ज्यांना सोनं लागत नाही अशाच सैनिकांवर भिस्त येते. खेळाडू त्यांना ‘ट्रॅश’ म्हणतात.

भाषांतरकार म्हणून मी या शब्दापाशी थांबते. ‘कचरा’ म्हणावं, तर किमतीबरोबर लायकीचाही निकाल लागतो. ‘प्यादी’ म्हणावं, तर बुद्धिबळातलं प्यादं पलीकडच्या टोकाला पोचलं की वजीर होऊ शकतं. भालेकरी कितीही सुधारला तरी पायदळातच राहतो. भाचा म्हणतो, “मावशी, त्यात तुच्छता नाही गं. शेवटी तेच वाचवतात.” खरं आहे. पडद्यावर कोणी मरतही नाही. तिथल्या हिशोबाला क्रूर म्हणणं हा भाबडेपणा होईल.

तरी एक चाल मला स्वस्थ बसू देत नाही. लोकसंख्येची मर्यादा २०० असेल, तर नाइट जसा एक, तसा शेतात राबणारा गावकरीही एकच मोजला जातो. शेवटच्या टप्प्यात सैन्याला जागा व्हावी म्हणून खेळाडू स्वतःचेच गावकरी एक कळ दाबून पुसून टाकतात. नियमांच्या हिशोबाने ही चाल शहाणपणाची आहे. जिथे प्रत्येक गोष्टीला फक्त किंमत असते, तिथे ‘या माणसाचं काय?’ हा प्रश्न चुकीचा ठरत नाही. तो विचारायला जागाच उरत नाही.

महाभारतही मोजतं. एका अक्षौहिणीत २१,८७० रथ, तितकेच हत्ती, ६५,६१० घोडे आणि १,०९,३५० पायदळ. रथींची नावं आपल्याला पाठ आहेत, पायदळातल्या कुणाचं नाव आठवत नाही. तेव्हा आपल्या महाकाव्याला या हिशोबातून सूट देता येत नाही. पण युद्धानंतर तिथे स्त्रीपर्व येतं. रणांगणावर पडलेला माणूस पुन्हा कुणाचा तरी नवरा, मुलगा, भाऊ होतो. खेळाच्या शेवटी येतो तो तक्ता : किती मारले, किती गमावले.

खेळाने स्त्रीपर्व लिहावं अशी माझी मागणी नाही. हिशोब खेळातच राहतो. शब्द मात्र बाहेर पडतात. ‘मनुष्यबळ कमी करणे’ हे कचेरीच्या कागदावर किती सहज उतरतं! खर्च सांगणारा शब्द आणि लायकी ठरवणारा शब्द वेगळे ठेवणं, एवढं तरी भाषेच्या हातात असतं. म्हणून मी ‘बिनसोन्याचे’ हा शब्द सुचवला. त्यात खर्च आहे, निकाल नाही. भाच्याला तो लांबलचक वाटला. ऐन लढाईत एवढं कोण बोलेल, असं त्याचं म्हणणं. भालेकरी की नाइट, यापेक्षा मला हाच प्रश्न अवघड वाटतो.