मंदावलेला तारा

शास्त्रवाचन : लूक २२:३१-३४ व ५४-६२



ईयोबाच्या पुस्तकात ज्या मृगशीर्षाचा उल्लेख येतो, त्यातील तांबूस काक्षी, म्हणजे बीटलज्यूस, आमच्या भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या उजेडाने फिकटलेल्या आकाशातही ओळखू येतो. २०१९ च्या अखेरीस तो मंदावू लागला. फेब्रुवारी २०२० पर्यंत त्याचे तेज निम्म्याहूनही कमी झाले. याचा अंत जवळ आला, आता स्फोट होणार, अशी जगभर चर्चा झाली.

त्याच हिवाळ्यात आमच्या लहानशा मराठी मंडळीतील एक वयोवृद्ध बंधू उपासनेस येईनासे झाले. भट्टीवर आयुष्य काढलेला माणूस. पत्नीच्या दफनविधीनंतर त्यांचे गाणे थांबले, मग येणेही. त्यांचा विश्वास विझला, असे आम्ही म्हणालो. मीही म्हणालो, आणि तेही प्रार्थनेची विनंती करण्याच्या निमित्ताने!

ज्योतिर्विद आमच्याहून सावध निघाले. तारा इतका दूर असतो की मोठ्या दुर्बिणीतूनही तो बहुधा बिंदूच दिसतो. सूर्याखेरीज अन्य ताऱ्याच्या पृष्ठभागाचे थेट छायाचित्र प्रथम मिळाले ते याच काक्षीचे, १९९५ साली, हबल दुर्बिणीतून. पृथ्वीवर हवेमुळे प्रतिमा थरथरते. म्हणून चिलीतील मोठ्या दुर्बिणीत एक लवचिक आरसा त्या थरथरीनुसार क्षणोक्षणी आपला आकार बदलतो. (हा आरसा मला फार आवडतो. तो ताऱ्याला स्थिर हो म्हणत नाही; स्वतः वाकतो.) तेथून २०१९ च्या जानेवारीत व डिसेंबरात काक्षीची छायाचित्रे घेण्यात आली. दुसऱ्या छायाचित्रात त्याचा दक्षिण भाग काळवंडलेला होता. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : ताऱ्याने स्वतःच बाहेर टाकलेल्या वायूची धूळ झाली होती आणि तिच्याआड तो झाकोळला होता. एप्रिल २०२० पर्यंत तर तो पूर्ववत तळपूही लागला होता.

महायाजकाच्या अंगणात पेत्राने तीनदा नाकारले, तेव्हा दुरून पाहणाऱ्यास तोही विझलाच वाटला असता. परंतु त्याच्या विश्वासासाठी प्रभूने आधीच प्रार्थना करून ठेवली होती. आणि कोंबडा आरवताच त्याने वळून पेत्राकडे पाहिले. बंदिवान असताही त्याला तेवढी सवड झाली. आम्हाला दोन कोसही नसलेल्या घरी जायला तीन महिने लागले.

गेलो, तेव्हा त्यांनी स्वतः चहा ठेवला. मेजावर पत्नीचे ‘उपासनासंगीत’ उघडे होते.

“पाळकसाहेब, रोज एक गीत वाचतो,” ते म्हणाले. “म्हणवत मात्र नाही. सूर ती धरायची.”