मागून येणाऱ्याची दोन मिनिटं

इंग्लंडमध्ये मे महिन्याचा पहिला सोमवार म्हणजे बँक हॉलिडे. शनिवार-रविवारला जोडून आलेली हक्काची सुट्टी. ती आली की तिथली आपली मराठी मंडळीही बॅगा भरतात. पोर्तुगालमधलं लिस्बन विमानाने जेमतेम तीन तासांवर, आणि लंडनहून निघालं तर घड्याळाचे काटेसुद्धा फिरवावे लागत नाहीत. अशाच एका सुट्टीत आमची कॉलेजातली जुनी कंपनी तिथे जमली. कुणी लंडनहून, कुणी म्युनिकहून, एक जण तर थेट पुण्याहून. लख्ख ऊन होतं, टेगस नदीवरून गार वारा येत होता. गप्पांना तर खंडच नव्हता.

लिस्बन हे सात टेकड्यांचं शहर म्हणून ओळखलं जातं. थोडं चाललं की चढ लागतोच. 1755 च्या भूकंपात शहराचा मोठा भाग कोसळला, पण आल्फामा ही जुनी वस्ती बरीचशी तगली. तिथले बोळ आजही तसेच अरुंद, वळणावळणाचे आहेत. पायाखाली पांढऱ्या चुनखडीचे छोटे चौकोनी दगड, चालून चालून गुळगुळीत झालेले. तिथे पन्नाशीतले गुडघे बोलू लागतात. पण चढावर मध्ये मध्ये शहर न्याहाळायला मोकळे सज्जे आहेत. सांता लुझियाचा सज्जा त्यातलाच. निळ्या-पांढऱ्या फरशा, बोगनवेलीचा मांडव, खाली लाल कौलं आणि पलीकडे नदी. आमच्यातले तिघं-चौघं भराभर चढून आधी पोचले. बाकावर टेकले, पाणी प्यायले, फोटो काढले. मग गुडघे धरून, धापा टाकत शेवटचा मित्र आला. त्याला पाहताच सगळे उठले. ‘आलास? चला, आता वर किल्ल्याकडे!’ तेवढ्यात एक मैत्रीण पुन्हा बाकावर बसली. ‘थांबा रे, मला अजून जरा नदी बघू दे.’ नदी तिने मघाशीच पोटभर पाहिली होती. मित्र तिच्या शेजारी बसला. त्याने बूट सैल केले, घाम पुसला, बाटली तोंडाला लावली. श्वास जागेवर आल्यावर त्यानेच कँटीनवाल्या काकांची नक्कल सुरू केली आणि आम्ही सगळे हसून लोळलो.

वाट आम्ही सगळ्यांनीच पाहिली होती, तीही प्रेमाने. पण जो मागे असतो, त्याच्या वाट्याला आपलं थांबणं येतच नाही. तो पोचेपर्यंत पुढच्यांचा विसावा झालेला असतो आणि तो पोचला की निघायची वेळ होते. सगळ्यात दमलेला माणूसच सगळ्यात कमी बसतो. घरीही असंच घडतं. गरम पोळ्या वाढणारी बाई शेवटी पानावर बसते, तेव्हा बाकीच्यांचे हात वाळलेले असतात. ती पहिला घास घेते आणि इतर एकेक करून उठतात. शाळेत हळू लिहिणाऱ्या मुलाची शेवटची ओळ होते न होते, तोच डस्टर फिरतो. ऑफिसात नवीन आलेली मुलगी कशीबशी काम संपवते, आणि तिच्यापुढे लगेच दुसरी फाइल येते. यात कुणाच्या मनात वाईट नसतं. आपण थांबतो, पण आपलं थांबणं तो येईपर्यंतच असतं. खरं तर तो आल्यानंतरची दोन मिनिटंच त्याची असतात.

आज दिवसभरात कुणाची ना कुणाची वाट पाहावी लागेलच. जिना चढणाऱ्या आजोबांची, दप्तर भरणाऱ्या लेकीची, सगळ्यांचे डबे भरून शेवटी चहाचा कप हातात घेणाऱ्या आईची. ती व्यक्ती आली की लगेच ‘चला’ म्हणू नका. आणखी दोन मिनिटं तिच्यासोबत बसा. आणि जमलं तर निमित्त स्वतःचं सांगा. ‘तू दमलास, म्हणून थांबू’ असं म्हटलं की समोरचा अवघडतो, दम लपवून उठायला बघतो. त्यापेक्षा ‘मला अजून घोटभर चहा हवाय’ म्हणावं, नाहीतर बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधावी. जुन्या मैत्रीत हे न शिकवता येतं. घरात आणि कामावर ते थोडं ठरवून करावं लागतं, इतकंच. दोन मिनिटांनी आपल्याला कुठेही उशीर होत नाही, आणि मागून येणाऱ्याला पुढचा चढ सोपा जातो.