आधी डबे पाहावेत

‘आज काय करायचे?’ हा प्रश्न घरोघरी रोज उठतो. त्याचे उत्तर जिभेला विचारावे की डब्यांना? डब्यांना विचारणाऱ्या बाईला लोक चिक्कू म्हणतात. पण तळाशी राहिलेले वाल कीड लागण्यापूर्वी बिरड्यासाठी भिजत घालणे किंवा फुटक्या पापडांची भाजी करणे, हा कद्रूपणा नव्हे. ज्या हातांनी ते पिकवले, वाळवले, निवडले, त्यांच्या कष्टांची ती जाण आहे.

मात्र साठा म्हणजे उद्याची हमी, असे कोणी समजू नये. कल्याणच्या ज्या लष्करी छावणीला १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले, तिथे आलेली सिंधी कुटुंबे आपली घरेदारे मागे टाकूनच आली होती. २६ जुलै २००५ रोजी उल्हास नदी बदलापुरातल्या घरांत शिरली, तेव्हा तिने भरलेला डबा आणि रिकामा डबा असा भेद केला नाही. म्हणून साठवण ही साचवण्यासाठी नसून वेळेवर खाण्यासाठी आणि खाऊ घालण्यासाठी असते.

इथवर सारे सोपे आहे. अवघड प्रश्न पुढचा: हे जुने, उरलेले पडते कोणाच्या पानात? पुष्कळ घरांत ताजी पोळी इतरांना आणि कालची भाकरी घरच्या बाईला, अशी वाटणी न बोलता ठरलेली असते. एकीच्या पोटावर चालणारी काटकसर हा सद्गुण कसा म्हणावा? दिवाळी सरेल, डब्यात चिवड्याचा चुरा उरेल. तो सर्वांनी मिळून संपवावा. मगच त्या काटकसरीला धर्म म्हणावे.