थरथरत्या हाताची सरळ रेघ

अलिबागजवळच्या किहीमला १९९० साली चित्रकार नसरीन मोहमदी वारल्या. त्याआधी कितीतरी वर्षं चेतासंस्थेच्या आजारानं त्यांचा स्वतःच्या शरीरावरचा ताबा सुटत चालला होता. त्या काळातली त्यांची चित्रं मात्र पाहावीत. कागदावर पेन्सिलीच्या नाहीतर शाईच्या केसाएवढ्या बारीक रेघा, आणि एकही जागची हललेली नाही. चित्रांना नावं नाहीत, बहुतेकांवर तारखाही नाहीत. बाई रोजनिशी लिहीत, तिच्यात घालमेल पुष्कळ आहे. चित्रात ती कुठे गेली?

या प्रश्नानं माझी एक जुनी समजूत मोडली. ‘फार मनाला लावून घेतोस, चित्रं काढ, मन मोकळं होईल’ हा सल्ला मला लहानपणापासून मिळाला आणि पुढे मीही तो इतरांना सढळ हातानं दिला. अमूर्त चित्र तर त्यासाठी सोयीचंच. नाक-डोळे जमायला नकोत; आत जे साचलंय ते रंगांत ओतायचं. एकदा भांडून आल्यावर मी तासभर लाल आणि काळा रंग कागदावर अक्षरशः फासला. कागद भरला, रात्री झोप मात्र आली नाही. भांडणातलं एकेक वाक्य अधिकच ठसठशीत होऊन परत येत राहिलं.

ओतण्याची ही कल्पना आली कुठून? शंभर वर्षं मागे गेलं तर एक गंमत दिसते. १९०८ साली विल्हेल्म वोरिंगर या तरुण जर्मन अभ्यासकाचा प्रबंध पुस्तकरूपानं आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : ज्यांना भोवतालच्या जगाशी जवळीक वाटते ते झाडं-माणसं हुबेहूब रंगवण्यात रमतात, ज्यांना जग अनिश्चित आणि भीतिदायक वाटतं ते रेषा, भूमिती, नक्षी यांच्या आसऱ्याला जातात. म्हणजे अमूर्त आकार हा बिथरलेल्या मनाचा विसावा. त्याच्यापुढे उदाहरणं प्राचीन इजिप्तच्या कलेची होती, आधुनिक चित्रकारांची नव्हे. तीनच वर्षांनी, १९११च्या अखेरीस, म्युनिकमधून चित्रकार कांडिन्स्कीचं कलेतल्या आध्यात्मिकतेवरचं पुस्तक निघालं. त्यात अमूर्ताचं मूळ भीतीत नाही, आतल्या निकडीत आहे. रंगानं मनाची तार छेडायची आणि तिचा नाद पाहणाऱ्यापर्यंत पोचवायचा.

एकाच्या लेखी आडोसा, दुसऱ्याच्या लेखी उद्गार. लोकांना उद्गार आवडला. १९४२ मध्ये एड्रियन हिल या इंग्रज चित्रकारानं, स्वतः क्षयातून उठल्यावर, ‘आर्ट थेरपी’ हा शब्द रूढ केला. पुढे मनोविश्लेषणाचा प्रभाव वाढला आणि चित्र म्हणजे दडपलेल्या मनाची वाट, हे समीकरण इतकं घट्ट बसलं की वोरिंगर कलेतिहासाच्या वर्गापुरता उरला. मला तो परत बाहेर काढावासा वाटतो, निदान हळव्या माणसांपुरता तरी.

‘हळवा’ हा शब्द आपण कौतुकानं वापरत नाही. कोकणात मात्र हळवं भात म्हणजे लवकर तयार होणारं, थोड्या पाण्यावर पिकणारं. त्यात कमीपणा काही नाही, फक्त पावसाचं गणित वेगळं. एलेन एरन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९६च्या पुस्तकात अतिसंवेदनशील माणसांबद्दल साधारण हेच मांडलं : हा आजार नव्हे, घडण आहे, यांच्या मनात प्रत्येक गोष्ट खोलवर घोळत राहते. माझ्या मते अशा माणसाकडे भावनेची टंचाई नसतेच. त्याला ढवळून काय द्यायचं? त्याला हवी असते एखादी अशी जागा, जिथे काही काळ कशाचाच अर्थ लावावा लागत नाही. चेहरा रंगवला की त्या चेहऱ्याचा राग-लोभ आलाच. राखाडीशेजारी दुसरी राखाडी लावताना प्रश्न एवढाच, अजून थोडी थंड हवी का?

विज्ञान इथे फार पुढे नेत नाही. २०१६ साली अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात ३९ प्रौढांना ४५ मिनिटं मार्कर, माती, कागदाचे तुकडे देऊन हवं ते करू दिलं. सुमारे तीन चतुर्थांश जणांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरक उतरलं. बातम्या या आकड्याच्या झाल्या. मला उरलेल्या चौथ्या हिश्शाबद्दल कुतूहल आहे; लाल-काळं फासणारा मी बहुधा त्यांच्यातलाच.

आणि चित्र हे औषध नव्हे. अमूर्त चित्रं काढणाऱ्या रॉथकोनं १९७० साली आत्महत्या केली. अॅग्नेस मार्टिनला स्किझोफ्रेनिया होता. तिच्या फिकट, सहा फुटी चौकोनांतल्या पेन्सिलीच्या रेघांनी तो बरा झाला नाही, उपचार घ्यावेच लागले. १९६७ मध्ये तर न्यूयॉर्क सोडून तिनं काही वर्षं चित्रंच थांबवली. पण परतली ती त्याच रेघांकडे. तिच्या कामात रंगवण्याइतकंच स्वस्थ बसणं होतं. चित्र मनात स्पष्ट दिसेपर्यंत थांबायचं, मग मोजमाप, मग रेघ.

थांबणं म्हटलं की आपले वासुदेव गायतोंडे आठवणारच. नागपूरला जन्मलेले, मूळ गोव्याचे, जे. जे.त शिकलेले आणि पुढे दिल्लीत एकटेच राहिलेले. ‘अमूर्त’ हा शिक्का त्यांना नको असे. रोलरनं रंग चढवायचा, पॅलेट नाइफनं खरवडायचा आणि मग नुसतं बघत राहायचं. वर्षाकाठी हातावेगळी होणारी चित्रं मोजकीच. यात ओतणं कमी, निथळू देणं जास्त. १९८४ मधल्या एका अपघातानंतर मोठा कॅनव्हास बरीच वर्षं दूर राहिला, कागदावर शाईची छोटी रेखाटनं झाली. पुढे हातून फारसं काही उतरेनासं झालं, तेव्हाही त्यांचं सांगणं होतं की चित्रं चालू आहेत, फक्त ती डोक्यात होतात. अंगात उरलेली ताकद कॅनव्हासवर रंग लावण्यात खर्चायची नाही.